न सांडलेले रक्त

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकावर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु वाचविलेला खर्च हीही एक कमाईच, हा आमच्या शास्त्रातला पहिला धडा शस्त्रक्रियेलाही लागू पडतो.

बडोद्याजवळचे पादरा घ्या. जुन्या गायकवाडी मुलखातले हे तालुक्याचे गाव. समजा, तेथील तिशीतली एक बाई कित्येक महिने अंगावर फार जाते म्हणून हैराण आहे. तपासणीत गर्भाशयात गाठी निघतात. डॉक्टर त्यांना फायब्रॉइड म्हणतात. या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात, पण दर महिन्याला रक्ताची शिल्लक घटवितात. मुळात ही शिल्लक असते तरी किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे गुजरातेत १५ ते ४९ वयाच्या शंभरातील ६५ स्त्रियांना रक्तक्षय होता.

या बाईला मूल हवे आहे. म्हणून गर्भपिशवी राखून फक्त गाठी काढावयाच्या. पण गाठ सोडविताना कापलेल्या स्नायूतून पुष्कळ रक्त जाते. ते आवरले नाही तर बाहेरचे रक्त चढवावे लागते आणि क्वचित जीव वाचविण्यासाठी पिशवीच काढावी लागते.

येथे औषधे कामी येतात. व्हॅसोप्रेसिन गाठीभोवती टोचले की रक्तवाहिन्या आकसतात. मिसोप्रोस्टॉलची गोळी शस्त्रक्रियेपूर्वी दिली की गर्भाशय आकुंचन पावते. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाची रीत निराळी. जपानमधील उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ साली पुढे आणलेले हे औषध, धरलेली रक्ताची गुठळी लवकर विरघळू देत नाही.

हिशेब काय सांगतो? २०१४ साली कॉक्रेन संस्थेने १८ चाचण्यांतील १२५० स्त्रियांची माहिती तपासली. व्हॅसोप्रेसिनने सरासरी सुमारे २४५ मिलिलिटर, तर मिसोप्रोस्टॉलने सुमारे ९८ मिलिलिटर रक्त वाचले. रक्तदात्याकडून एका वेळी बहुधा ३५० मिलिलिटर रक्त घेतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचा पुरावा त्या वेळी कमकुवत होता. बाळंतपणात हमखास वापरल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनचा मात्र येथे फायदा दिसला नाही. गरोदर नसलेले गर्भाशय त्याला फारशी दाद देत नाही.

जमेबरोबर नावेची बाजूही पाहिली पाहिजे. व्हॅसोप्रेसिन चुकून थेट रक्तवाहिनीत गेले तर हृदयाला धोका असतो. पूर्वी शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाला ट्रॅनेक्झॅमिक आम्ल देताना फार जपावे लागते. म्हणून निवड डॉक्टरांचीच. प्रश्न विचारणे मात्र आपल्या हाती आहे. घरातील आई, मावशी, बहीण यांच्यावर अशी वेळ आली तर आधीच विचारावे: हिमोग्लोबिन किती आहे? लोहाची औषधे देऊन ते वाढविता येईल का? रक्ताची तजवीज झाली आहे का? रक्तस्राव आवरण्यासाठी कोणते औषध देणार? तारीख ठरण्यापूर्वी विचारलेल्या या चार प्रश्नांना पैसा लागत नाही.