परसातला चैत्र

माघ महिना होता. आम्ही घरामागे आळी करीत होतो. शेजारच्या मावशी कुडावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, हितं प्यायला घागरभर पाणी मिळंना, अन् तुम्ही झाडं लावत बसलाव व्हय?"

मावशींचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस बेताचा. काही वर्षी उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. प्यायचे पाणी झाडाला घालणे शहाणपणाचे नाही. आम्ही म्हणालो, "मावशी, नवे पाणी एक तांब्याही घालणार नाही. सांडपाण्यावरच झाडे जगवू."

हे आम्हाला आईने शिकवले. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. तेव्हा आम्ही लहान होतो. आई राखेने भांडी घासायची. ते पाणी ती शेवग्याच्या बुडाला ओतायची. विहिरी आटल्या, पण शेवगा जगला. त्याच्या पाल्याची भाजी आम्ही भाकरीबरोबर खाल्ली. ती चव आम्ही अजून विसरलो नाही.

आता आमची रीत ऐका. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी आम्ही बादलीत साठवतो. ते भेंडी, दोडका आणि भोपळ्याला घालतो. न्हाणीचे पाणी केळीला आणि शेवग्याला जाते. कपडे धुण्याच्या पावडरचे पाणी मात्र भाजीला घालू नये. पाणी संध्याकाळी घालावे. दुपारी घातले, तर बरेचसे उन्हाने उडून जाते. आळ्यात पाचोळा पसरावा. त्याने ओल टिकते.

घरात जुने मडके आहे ना? ते टाकू नका. त्याच्या बुडाला बारीक भोक पाडा. भोकात सुती चिंधीची वात घट्ट बसवा. मडके आळ्यात गळ्यापर्यंत पुरा. पाणी फडक्याने गाळून त्यात भरा. ते थेंब थेंब मुळाशी झिरपते. तोंडावर झाकण जरूर ठेवा. नाहीतर त्यात डास होतात.

संत गोरा कुंभार आपल्याच तेर गावचे. संत सावता माळी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील अरणचे. एकाने मडकी घडवली, एकाने मळा पिकवला. परसात पुरलेल्या मडक्यापाशी बसले, की आम्हाला या दोघांची आठवण येते.

माघात लावलेली भेंडी चैत्रात ताटात आली. रोज चार-चार निघाल्या. चार भेंड्या म्हणजे काय मोठे धन? पण आपल्या हाताने तोडलेली कोवळी भेंडी कडकन मोडते, तेव्हा मन खूश होते. पाडव्याला दारचाच लिंब मोहरला होता. गुढीला डहाळी घरचीच लागली. संध्याकाळी मोगरा उमलतो. दिवसभर उन्हात राबलेला माणूस ओसरीवर टेकतो. वास येतो आणि शीण उतरतो.

भोपळ्याने मात्र आम्हाला चिंतेत टाकले. फुले भरपूर, फळ एकही नाही. मग नीट पाहिले. काही फुलांच्या मागे इवलासा भोपळा होता. ती मादी फुले. बाकीची नर फुले. मधमाशी नराचे पराग मादीवर नेते, तेव्हा फळ धरते. माशा कमी होत्या. आम्ही भल्या सकाळी नर फूल तोडले आणि मादी फुलाला हलकेच लावले. चार दिवसांत फळ फुगू लागले. नातवंडे रोज उठून आधी भोपळा बघू लागली!

परवा मावशी आल्या. भोपळ्याकडे बघून म्हणाल्या, "गुरुजी, बी ठिवा बरं का आमच्यासाठी." त्यांच्या न्हाणीचे पाणी पूर्वी गल्लीत वाहायचे. चिखल व्हायचा. आता त्यांनी तिथे केळीचे आळे केले आहे.

तुम्हीही एक आळे करा. तुम्हाला आता लिहिता येते. एक वही घ्या. बी कधी लावले, फूल कधी आले, पहिली भाजी कधी निघाली, ते लिहा. पुढच्या माघात ती वही उघडा. तुमचीच अक्षरे तुम्हाला वाट दाखवतील.