लेखनिक की वाचक?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक व्हायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लेखनिक हवेच असतात, पण तुमचे शिक्षण बहुधा आड येईल. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण त्याच्यापेक्षा कमी असावे लागते. उत्साहाने नाव नोंदवून हिरमुसलेले निवृत्त लोक मी पाहिले आहेत.

त्यापेक्षा तुम्ही अंध विद्यार्थ्यांना पुस्तके वाचून दाखवणारे वाचक व्हा. परीक्षा चार दिवसांची. अभ्यास मात्र वर्षभराचा आणि संदर्भग्रंथ ब्रेलमध्ये क्वचितच मिळतात. अंधांसाठी ना-नफा तत्त्वावर पुस्तक ध्वनिमुद्रित करायला २०१२च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्याची आडकाठी नाही. वाचताना नाट्य नको. पान क्रमांक उच्चारा, तळटीप कुठे सुरू झाली नि कुठे संपली ते सांगा, तक्ता आला तर आधी त्याचे रकाने सांगा. ताळेबंद वाचण्यात हयात गेलेल्या माणसाला हे जमतेच; वाणिज्य शाखेच्या मुलांना तर तुम्ही सोन्यासारखे! संगणकावर मराठी टंकलेखन येत असेल तर स्कॅन केलेल्या पुस्तकांचे मुद्रितशोधनही करता येईल. कंटाळवाणे आहे, पण तिथे माणसे कमी पडतात.

जवळच्या अंधशाळेत किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चौकशी करा. आठवड्याला झेपतील तेवढेच तास कबूल करा; सत्राच्या मध्यावर सोडून जाऊ नका.