युरिपिडीसचे 'मीडिया' : परकी स्त्री आणि सौंदर्य



ग्रीक शोकांतिकेतील परक्या स्त्रीचा विचार युरिपिडीसच्या 'मीडिया' (इ. स. पू. ४३१) या नाटकावाचून पुरा होत नाही. मीडिया ही काळ्या समुद्राकाठच्या कोल्किसची राजकन्या. जेसनसाठी तिने बापाला फसवले, भावाला मारले आणि ती त्याच्याबरोबर ग्रीसला आली. नाटक सुरू होते तेव्हा जेसनने कॉरिंथच्या राजकन्येशी लग्न केलेले असते.

परकीयाला ग्रीक लोक 'बार्बारोस' म्हणत; ज्याचे बोलणे नुसते 'बर-बर' असे ऐकू येते तो. संस्कृतातील 'बर्बर' हा शब्द याच्या जवळचा. गंमत अशी, की नाटकात हा शब्द मीडियाला लावला जातो, पण तिची भाषा इतर पात्रांचीच ग्रीक आहे. युक्तिवादात तर ती सर्वांना भारी पडते. तेव्हा तिचे परकेपण भाषेत नाही. ते कशात आहे, हे ती कॉरिंथच्या स्त्रियांना सांगते: हुंडा देऊन नवरा विकत घेण्याचे दुःख तुमचेही आहे, पण तुम्हांला नगर आहे, वडिलांचे घर आहे, मला काहीच नाही. आपल्या शब्दांत, तिला माहेर उरलेले नाही. इ. स. पू. ४५१ च्या कायद्यानुसार अथेन्समध्ये आईवडील दोघेही अथेनियन असतील तरच मूल नागरिक ठरे. प्रेक्षकांना परक्या बायकोची अवस्था समजावून सांगण्याची गरज नव्हती.

सौंदर्याचे सूत्र मात्र नाटककाराने दुसऱ्या स्त्रीकडे सोपवले आहे. ही राजकन्या रंगमंचावर येतच नाही. ती दिसते दूताच्या निवेदनातून. मीडिया आपल्या मुलांच्या हाती तिला वस्त्र आणि सोन्याचा मुकुट पाठवते. हे वस्त्र मीडियाच्या आजोबांनी, सूर्यदेवाने, आपल्या वंशजांना दिलेले. माहेरची उरलेली ठेवच ती. मुलांना पाहून राजकन्या आधी तोंड फिरवते, भेट पाहताच निवळते. वस्त्र लेऊन आरशात केस सारखे करते, प्रतिबिंबाकडे पाहून हसते, खोलीभर मिरवते. मग विष भिनते. अखेर तो चेहरा जन्मदात्याखेरीज कोणालाही ओळखू येणार नाही, असा होतो. तिला उथळ ठरवणे मला अन्यायाचे वाटते. नव्या नवरीने आरशात पाहावे, यात दोष कोणता?

त्यानंतर मीडिया स्वतःच्या मुलांना मारते. कोणतीही ग्रीक स्त्री असे धाडस करती ना, असे जेसन म्हणतो. त्याचे हे बोलणे वाचताना थोडे मागे जाऊन वृंदगान पाहावे. पोटच्या मुलांचा जीव घेणारी म्हणून तेथे इनोचे नाव येते. इनो थीब्जची, म्हणजे ग्रीकच.