बारा मिनिटांचे उड्डाण

गेल्या सत्राच्या चाचणीत सरांनी विचारले होते: शिमल्याच्या जुब्बडहट्टी विमानतळावरून कुलूजवळच्या भुंतरला जायचे आहे. विमानाचा वेग २४० नॉट. अंतर, वेळ आणि लागणारे इंधन काढा. मी झटपट उत्तर लिहून पेन खाली ठेवले. दहापैकी चार गुण मिळाले. गंमत म्हणजे अंतर बरोबर होते आणि वेळही.

आधी अंतर पाहू. जुब्बडहट्टीचा अक्षांश ३१ अंश ५ मिनिटे उत्तर, भुंतरचा ३१ अंश ५३ मिनिटे. फरक ४८ मिनिटांचा. (ही मिनिटे घड्याळातली नव्हेत, आमच्या वर्गात दोघांनी हा घोटाळा केला.) अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. रेखांशांत फरक जेमतेम ५ मिनिटांचा, म्हणजे भुंतर जवळजवळ सरळ उत्तरेला. तेव्हा अंतर ४८ नॉटिकल मैल, सुमारे ८९ किलोमीटर. डोंगरातला रस्ता याच्या दुपटीहून लांब आहे. २४० नॉट म्हणजे मिनिटाला चार मैल. ४८ भागिले ४, बारा मिनिटे.

मी इंधनही बारा मिनिटांचेच लिहिले. सरांनी तांबड्या शाईने शेजारी विचारले होते, "भुंतरवर ढग उतरले असतील तर तेराव्या मिनिटाला कुठे असशील?"

भुंतरची धावपट्टी बियास नदीकाठी, अरुंद दरीत आहे. उंची सुमारे १,०९० मीटर. दोन्ही बाजूंना उंच डोंगर. ढग खाली आले की वैमानिकाला परत फिरावे लागते. जुब्बडहट्टी तर डोंगरमाथा कापून केलेली, तीही त्याच ढगांत असू शकते. म्हणून पर्यायी विमानतळ चंडीगड धरला. भुंतरपासून तो साधारण ७५ नॉटिकल मैल, म्हणजे १९ मिनिटे. त्यावर टर्बाइन इंजिनाच्या विमानाने ३० मिनिटे घिरट्या घालण्याइतके राखीव इंधन ठेवायचे असते. १२ अधिक १९ अधिक ३०: ६१ मिनिटे. धावपट्टीपर्यंत जाण्याचे आणि चढाईचे इंधन आणखी वेगळे. बारा मिनिटांच्या प्रवासाला तासाभराहून जास्त!

उत्तर सुधारून नेले, तर सर म्हणाले, "आता वारा धर. उत्तरेकडून, ३० नॉट."

मला वाटले, जाताना जेवढे गमावू तेवढे येताना मिळेल. करून पाहिले. जाताना जमिनीवरचा वेग २१० नॉट, वेळ १३.७ मिनिटे. येताना २७० नॉट, १०.७ मिनिटे. बेरीज २४.४. वारा नसता तर २४ झाली असती. फरक थोडा आहे, पण तोट्याचाच आहे, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. वारा ६० नॉटचा धरून हेच गणित करा. माझे उत्तर २५.६ मिनिटे आले आहे.