वॉकी-टॉकींतील परका आवाज

अमेरिकेंत १९९६ सालीं सरकारनें ‘फॅमिली रेडिओ सर्व्हिस’ नांवाची बिनतारी सेवा खुली केली. मुठींत मावणारें वॉकी-टॉकी यंत्र विकत आणावें आणि परवान्यावांचून बोलावें, अशी ती सोय. परंतु मुलें अंगणांत या यंत्रांशीं खेळत असतां त्यांतून कधीं कधीं पोलिसांचें बोलणें उमटतें! पोलीस आपल्या चॅनेलवर आले, असें आईबापांस वाटतें. पुष्कळदां फसलेलें असतें तें यंत्रच. कसें, तें पाहूं.

आलेल्या लहरीची कंपनसंख्या फार मोठी असते. म्हणून ग्राहकयंत्र स्वतः एक लहर उत्पन्न करतें आणि दोहोंच्या वजाबाकीइतकी लहान कंपनसंख्या काढून घेतें. एडविन आर्मस्ट्राँग यांनीं १९१८ सालीं ही रचना सिद्ध केली. चॅनेल १ ची कंपनसंख्या ४६२.५६२५ मेगाहर्ट्झ आहे. यंत्राची आंतली लहर ४८३.९६२५ धरली, तर वजाबाकी २१.४ येते. आतां पाटीवर ५०५.३६२५ मांडा व त्यांतून ४८३.९६२५ वजा करा. पुन्हां २१.४ च! यंत्रास केवळ उत्तर कळतें; मूळ आंकडा वरचा कीं खालचा, हें कळत नाहीं. आणि न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया अशा शहरांत ४७० ते ५१२ या पट्ट्याचे कांहीं भाग पोलीस इत्यादि सेवांकडे आहेत. चांगल्या यंत्राच्या तोंडाशीं नको ती लहर अडविणारी गाळणी असते; स्वस्त यंत्रांत ती कच्ची असते. शेजारीं पोलिसांचा मनोरा असला, कीं आवाज आंत शिरलाच. (पोलिसांनीं अंकीय पद्धति घेतली असल्यास मात्र नुसती घरघर.)

गंमत अशी, कीं मुलानें बटण दाबून उत्तर दिलें तरी तें पोलिसांस ऐकूं जात नाहीं. बोलतांना यंत्र ४६२ वरच बोलतें. पण हल्लीं हव्या त्या कंपनसंख्येवर लावतां येणारीं यंत्रेंही मिळतात. त्यांवरून पोलिसांच्या चॅनेलवर कोणी थट्टेनें बोलला, तर मदतीसाठीं हांक मारणाऱ्या शिपायाचा शब्द दडपला जाईल.

यंत्राच्या खोक्यावर ‘प्रायव्हसी कोड’ असें छापलेलें असतें. हें नांव मला खटकतें. तो कोड इतरांच्या बोलण्यापुरतें आपलेंच यंत्र मुकें करतो, एवढेंच. घरीं कोणी नाहीं, किल्ली कुंडीखालीं ठेविली आहे, हें त्यावर बोललेलें वाक्य शेजारच्या गल्लींतील कोणाही अनोळखी माणसास स्पष्ट ऐकूं येतें.