सुई खाली आली, म्हणून इंजिन खोलायचं का?

मँचेस्टरमध्ये आमच्या शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे १९६७ सालची एमजीबी आहे. गेल्या हिवाळ्यात त्या गाडीचं एक दुखणं सुरू झालं. इंजिन तापलं आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की ऑइल प्रेशरची सुई ५ पीएसआयवर येऊन थरथरायची. या इंजिनाला गरम असताना आयडलिंगला १० ते २५ आणि चालताना ५० ते ८० पीएसआय प्रेशर असावं, असं पुस्तक सांगतं. एका गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता निदान केलं: "बेअरिंग गेली, इंजिन खोलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आजोबा गाडी विकायच्या गोष्टी करू लागले.

मी वंगणशास्त्रात काम करते, म्हणून ते माझ्याकडे आले. आधीच कबूल करते, माझाही पहिला अंदाज बेअरिंगचाच होता आणि तो चुकला. कसा चुकला ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी गावाकडे जुनी अ‍ॅम्बॅसेडर असेल तर हे उपयोगी पडेल. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन 'बी सीरिज' घराण्यातलं, आणि आपल्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं बसलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याचंच भावंड.

पहिला प्रश्न असा, की गेजवर दिसणारं प्रेशर नेमकं कशाचं? बहुतेकांना वाटतं की पंप तेल दाबतो आणि त्या दाबावर क्रँकशाफ्ट तरंगतो. तसं नाही. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने बेअरिंगला वरून एक भोक पाडलं, तर चालू असताना त्या भोकातून तेल उलट वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते बाहेर आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी त्याने तिथे गेज लावला, तर काटा २०० पीएसआयच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता जेमतेम १००, आणि पंप तर तिथे नव्हताच! शाफ्ट फिरताना स्वतःच तेलाला एका निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तिथे हा दाब तयार होतो. त्याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये मांडलं. तो इथल्याच, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात प्राध्यापक होता. आम्ही आजही रोज त्याचंच समीकरण सोडवतो.

म्हणजे शाफ्टला उचलून धरणारा दाब बेअरिंगच्या आत जन्मतो आणि तो गेजवर कधीच दिसत नाही. पंपाचं काम फक्त तिथे तेल पोचतं ठेवण्याचं.

मग गेज काय दाखवतो? द्राक्षबागेतलं ठिबक आठवा. मोटर ठरावीक पाणी ढकलते, ते बारीक भोकांतून निघून जातं आणि त्या अडथळ्यामुळे पाइपात दाब राहतो. भोकं मोठी झाली की दाब पडतो. इंजिनात ही 'भोकं' म्हणजे बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यातल्या फटी, साधारण २५ ते ७० मायक्रॉनच्या. गेजवरचा दाब तीन गोष्टींवर ठरतो: पंप किती तेल ढकलतो (हे फेऱ्यांवर अवलंबून), तेल किती दाट आहे, आणि फट किती मोठी आहे. यातली फट फार खोडकर, कारण गळती फटीच्या घनाप्रमाणे वाढते. ५० मायक्रॉनची फट ६३ झाली, म्हणजे जेमतेम सव्वापट, की गळती दुप्पट!

या घनाच्या प्रेमात पडूनच मी चुकले. दोन संध्याकाळी फटींची आकडेमोड केली आणि तेलाच्या दाटपणाकडे, पुस्तकी भाषेत विष्यंदितेकडे, बघितलंच नाही. २०डब्ल्यू-५० तेल ४० अंशांवरून १०० अंशांवर गेलं की साधारण आठ-नऊ पट पातळ होतं. गुळाचा पाक चुलीवर असताना कसा सळसळतो आणि उतरवल्यावर कसा घट्ट होतो, तसंच. म्हणून प्रेशरचा कुठलाही आकडा सांगताना इंजिन गार की गरम आणि फेरे किती, हे सांगितलं नाही तर तो आकडा निरर्थक.

मला शुद्धीवर आणलं ते आजोबांच्या वहीने. ते दर रविवारी फेरफटका मारून आले की गेजचे आकडे लिहून ठेवतात. ऑक्टोबरपर्यंत गरम आयडलिंगला १५ होते. मग सहा आठवड्यांत ते ५ वर आले. बेअरिंगची झीज सहसा इतकी घाईत नसते, आणि झाली तर ठोके ऐकू येतात. जोर दिल्यावर बिग एंड खडखडतो, मेन बेअरिंग खोलवर घुमतं. इथे इंजिन शांत होतं.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. ब्लॉकवर एक चांगला यांत्रिक गेज जोडला. डॅशबोर्डवरच्या पन्नास-साठ वर्षांच्या गेजवर विश्वास ठेवून इंजिन खोलणं म्हणजे घरातला वजनकाटा न तपासता उपास सुरू करण्यासारखं. नव्या गेजवर आयडलिंगला ८ आले. म्हणजे जुना गेज ३ ने कमी दाखवत होता, पण ८ सुद्धा कमीच. गरम असताना ३००० फेऱ्यांना ३५, तेही कमी. मात्र सकाळी गार इंजिन सुरू केल्या केल्या ७०.

हा ७० फार बोलका. ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे एका घुमटाकार नटाखाली रिलीफ व्हॉल्व्ह असतो, म्हणजे एक स्प्रिंग आणि वाटीसारखा प्लंजर. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तो जास्तीचं तेल परत संपमध्ये सोडतो. स्प्रिंग मेली असती किंवा प्लंजरखाली कचरा अडकला असता, तर गार इंजिनालाही ७० आले नसते. म्हणून व्हॉल्व्हला मी हात लावला नाही. (स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर 'वाढवणारे' मेकॅनिक इथेही आहेत. त्याने फक्त वरची मर्यादा वाढते. आयडलिंगला व्हॉल्व्ह बंदच असतो, तिथे काडीचाही फरक पडत नाही.) वळणावर सुई पडत असती तर तेलाची पातळी किंवा पंपाची चाळणी बघितली असती. सुरू केल्यावर प्रेशर यायला वेळ लागला असता तर फिल्टर. तसं काही नव्हतं.

गार असताना उत्तम, गरम असताना कमी, असं असेल तर संशयित तीनच उरतात: फट, पंपाची झीज किंवा पातळ झालेलं तेल. पहिल्या दोघांत नुसत्या गेजवरून फरक करता येत नाही. तिसऱ्याची तपासणी मात्र फुकटात होते.

डिपस्टिक काढली. पातळी वरच्या खुणेच्याही बोटभर वर! थोडंफार तेल पिणाऱ्या जुन्या इंजिनात, वरून न ओतता, पातळी वाढते कशी? नाकाशी धरली तर पेट्रोलचा भपका आला. चारही स्पार्क प्लग काजळीने काळेकुट्ट होते. चोकची केबल अडकत होती. नॉब आत ढकलला तरी कार्बोरेटरचा जेट थोडा खालीच राहायचा आणि मिश्रण कायम श्रीमंत. त्यात थंडी, आणि दोन मैलांवरच्या दुकानापर्यंतच्या फेऱ्या. इतक्या कमी वेळात तेल पुरेसं तापत नाही, त्यामुळे सिलिंडरच्या भिंतींवरून संपमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही, साठत राहतं. पेट्रोल पाण्यापेक्षाही पातळ असतं. त्याचा थोडासा अंशही तेलाचा दाटपणा झपाट्याने उतरवतो.

ही गोष्ट किरकोळ समजू नका. बेअरिंगमधला तो अदृश्य दाबही दाटपणावरच उभा असतो. पातळ तेलात पापुद्रा इतका बारीक होतो की धातूला धातू टेकायला लागतो. आणखी दोन महिने हे चाललं असतं, तर गॅरेजवाल्याचं निदान खरं ठरलं असतं. (आणि तेलाचा दिवा लागला किंवा सुई शून्यावर गेली, तर 'घरापर्यंत जाऊ' म्हणू नका. जागच्या जागी इंजिन बंद करा.)

तेल काढलं, फिल्टर कापून उलगडला. राखाडी कण किंवा तांबूस चमक दिसली असती, तर बेअरिंगचा थर सुटतोय असं समजून संप उतरवला असता. तसं काही सापडलं नाही. केबल मोकळी केली, प्लग बदलले आणि नवं २०डब्ल्यू-५० भरलं. आणखी दाट तेल घालून आकडा सजवायचा मोह टाळला. त्याने गेज खूश होतो, पण गार सकाळी तेल वरच्या रॉकरपर्यंत पोचायला उशीर होतो. आजच्या गाड्यांचं ०डब्ल्यू-२० तर या इंजिनात घालूच नये. इतक्या मोठ्या फटींसाठी ते बनवलेलंच नाही.

अर्धा तास गाडी पळवून आणली. ३००० फेऱ्यांना ५५, आयडलिंगला १४. ऑक्टोबरात त्यांच्या गेजवर १५ होते, म्हणजे खरे १८. ते चार पीएसआय परत आले नाहीत. पेट्रोलमिश्रित तेलावर काढलेल्या सहा आठवड्यांत बेअरिंग थोडं झिजलं असावं, असा माझा अंदाज. तरी १४ हे पुस्तकातल्या मर्यादेत बसतं. पाचशे मैलांनी पुन्हा तेल बदलायचं आणि तोवर दर रविवारी डिपस्टिकचा वास घ्यायचा, असं ठरलंय.

जुना गेज आजोबांनी बदलला नाही. त्याच्याखाली त्यांनी कागदाची एक चिठ्ठी चिकटवली आहे: '+३'.