रात्रीचं औषध

“लहान मुलं काहीही बोलतात हो मॅडम. तुम्ही एवढ्या शिकल्या-सवरलेल्या, आणि अडीच वर्षांच्या पोरीच्या बोलण्यावरून आमच्या बाईवर आळ घेता?” एजन्सीच्या मालकीणबाईंचं हे बोलणं अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पोरीचंच खरं निघालं. बाईने स्वतः कबूल केलं. तरीही त्या एजन्सीने माफी मागितली नाही आणि पैसेही परत केले नाहीत. घरात एक चालतं-बोलतं मूल, एक तान्हं, आणि रात्रीसाठी बाई शोधणं चालू असेल, तर हे नीट वाचा.

थोरलीला माझ्या कुशीशिवाय झोप नाही. धाकटा रडला की ती उठायची, ती रडली की तो. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, माझी आई वडिलांच्या आजारपणात गावी अडकलेली, नवऱ्याची रजा संपलेली. म्हणून रात्रीची मावशी ठेवायचं ठरलं. एजन्सीने नोंदणी फी घेतली, एका महिन्याच्या पगाराइतकं कमिशन आगाऊ घेतलं आणि सांगितलं, “ट्रेन्ड बाई आहे, हॉस्पिटलमध्ये काम केलंय, पोलिस व्हेरिफिकेशन झालंय.” मी थोरलीला घेऊन आतल्या खोलीत, मावशी बाळाला घेऊन हॉलमध्ये, आणि बाळ उठलं की दुधासाठी माझ्याकडे आणायचं, अशी व्यवस्था होती.

काही दिवसांतच बाळ सलग पाच-सहा तास झोपायला लागलं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, गुणी बाळ आहे, दृष्ट काढा. मला मात्र ते खटकत होतं. महिन्याभराचं बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध पितं, दोन-तीन तासांनी उठतं. थोरलीच्या वेळी मी ते पाहिलेलं होतं. पहाटे माझी छाती दाटून ठणकायची आणि मावशी म्हणायच्या, “गाढ झोपलाय, उठवू नका, झोपेतच अंग धरतं.” दिवसाही तो चार घोट पिऊन डोळे मिटायचा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत, आमचे तेवढे होत नव्हते. मी एजन्सीला फोन केला. उत्तर आलं, “बाळ झोपत नाही म्हणून बायका तक्रार करतात. तुमचं झोपतंय, तर त्याचाही त्रास होतो का?” मी पहिल्यापासून विचारत होते, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर त्यांनी “तुम्ही आधी का नाही सांगितलंत” असंही ऐकवलं.

मग ती दुपार. थोरली बाहुलीशी खेळत होती. व्हिटॅमिन डीच्या संपलेल्या बाटलीचा ड्रॉपर तिला खेळायला दिला होता. तिने बाहुलीला मांडीवर आडवं घेतलं, दोन बोटांनी तिचे गाल दाबले, तोंडावर ड्रॉपर धरला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “गप. आईला नाही सांगायचं.”

बाळाचे व्हिटॅमिनचे थेंब मीच देते, सकाळी आंघोळीनंतर, गाल कधीच न दाबता. मी हातातली घडी तशीच ठेवली, तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, “हे कुठलं औषध, गं?”

“रात्रीचं. मावशीचं. लाल.”

ती रात्री शू करायला बाबाबरोबर उठते. बाबा बाथरूमचा दिवा लावेपर्यंत ती हॉलच्या दारात उभी असते. तिने सगळं पाहिलं होतं, आणि मावशींनी तिला गप्प राहायला शिकवलं होतं. माझे हातपाय गार पडले. बाळाला औषध दिलं, याचा राग आहेच. पण माझ्या मुलीला माझ्यापासून लपवायला शिकवलं, तो राग आजही उतरत नाही.

त्या रात्री मावशी आल्या तेव्हा आम्ही दोघं हॉलमध्येच बसून होतो. सरळ विचारलं. आधी त्या नाही म्हणाल्या, मग रडायला लागल्या आणि पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. सर्दीचे थेंब होते ते. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन. यातल्या क्लोरफेनिरामिनने गुंगी येते. ही जोडगोळी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टणावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये काढला आहे. बाटलीवर ती सूचना होती, बारीक इंग्रजी अक्षरांत.

आम्ही तसेच बाळाला घेऊन दवाखान्यात गेलो, बाटलीसकट. इतक्या लहान बाळाचा श्वास अशा औषधाने मंदावू शकतो, म्हणून रात्रभर त्याला मॉनिटरवर ठेवलं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन रोज साधारण वीस ते तीस ग्रॅम वाढायला हवं, आमच्याकडे त्याच्या निम्मीही वाढ नव्हती. बाळ आता ठीक आहे, वजनही भरून आलंय.

मावशींबद्दलही लिहायला हवं. त्या दिवसभर दुसऱ्या घरी एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची ड्यूटी करायच्या आणि तिथून थेट आमच्याकडे यायच्या. दोन्ही कामं याच एजन्सीने लावलेली, दोन्हींचं कमिशन घेतलेलं. त्या माणसाला झोप कधी मिळणार होती? मी मावशींना माफ केलेलं नाही. पण माझा मोठा राग आहे तो ही गोष्ट ठाऊक असून आमच्यापासून लपवणाऱ्या त्या मालकीणबाईंवर. पैसे परत मागितले तर म्हणाल्या, “बदली बाई उद्याच देते, पैसे परत मिळत नाहीत, पावतीवर लिहिलंय.” दोन दिवसांनी पाहिलं तर त्यांनी ‘ट्रेन्ड बाई’वाले जुने मेसेज पुसून टाकलेले. सुदैवाने नवऱ्याने स्क्रीनशॉट काढून ठेवले होते.

तर बायांनो, बाई ठेवण्याआधी पहिला प्रश्न हा विचारा: दिवसा कुठे काम करता? हा प्रश्न बाईंना विचारा, एजन्सीला नाही. आधीच्या ज्या घरी तीन महिन्यांच्या आतलं बाळ होतं, त्या घरच्या आईशी स्वतः फोनवर बोला. पोलिस व्हेरिफिकेशनवरून बाळ सांभाळता येतं की नाही हे मुळीच कळत नाही. कोणी ‘नर्स’ म्हणून पाठवत असेल, तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल, तर ती नर्स नाही, आणि नर्सचे पैसेही मागू नयेत. आमच्याकडच्या ‘हॉस्पिटलमध्ये काम केलेल्या’ मावशींनी तिथे वॉर्डची साफसफाई केली होती. ते काम कमी प्रतीचं नाही, पण बाळ सांभाळण्याचं प्रशिक्षणही नाही.

डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय बाळाच्या तोंडात काहीही जाणार नाही, हे एजन्सीकडून कागदावर सहीनिशी घ्या. थेंब नाहीत, घुटी नाही, ग्राइप वॉटर नाही. सहा महिन्यांपर्यंत पाणीसुद्धा नाही आणि वर्षापर्यंत मधाचं बोटही नाही, मधातून होणारा बोट्युलिझम तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततो. आजी रागावल्या तर रागावू द्या. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लहान मुलं खोकल्याच्या विषारी सिरपने दगावली, त्यांतल्या कित्येकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांपर्यंतही शक्यतो टाळावीत. तरी मेडिकलमधून ती सर्रास चिठ्ठीशिवाय मिळतात.

एक वही ठेवा. दूध किती वाजता, शू, शी, झोप. रात्रीचं बाईला लिहायला लावा, लिहिता येत नसेल तर खुणा करायला सांगा. वहीत सलग पाच तास कोरे दिसले, तर कोणी कितीही कौतुक करो, बाळाला उठवून पाजा. नीट पीत नसेल तर दवाखाना गाठा. बाकी, जमेल तेव्हा झोपा, नवऱ्याला रात्रीची एक पाळी द्या, मदत मागायला लाजू नका. हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे.

थोरल्या मुलाकडे मात्र फार लक्ष द्या. नवं बाळ आलं की आपण त्याला ‘जरा थांब, बाहेर खेळ’ म्हणत राहतो, आणि घरातलं सगळं तेच बघत असतं. ते खेळातून सांगतं. विचारताना त्याच्या तोंडात शब्द घालू नका, “मावशीने औषध दिलं का?” असं विचारलं तर ते नुसतं हो म्हणेल. “मग काय झालं?” एवढंच विचारा आणि थांबा. कोणीही मुलाला ‘आईला सांगू नको’ म्हटल्याचं कळलं, मग ते चॉकलेटबद्दल का असेना, त्याच दिवशी खोलात जा.

पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करता येते. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. पावती, स्क्रीनशॉट, औषधाची बाटली आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा. आम्ही दोन्हीकडे गेलो आहोत. एजन्सीच्या वकिलाने उत्तर पाठवलंय की बाळाला औषध दिलं गेल्याचा ‘कोणताही प्रौढ साक्षीदार नाही’. मावशींनी आपला कबुलीजबाब लिहून दिला आहे, आणि तो आम्ही आयोगापुढे ठेवला आहे.